आउटबॉक्समधली तिरपी ओळ

कुणीतरी एक दिवस चारचौघांत अर्पिताच्या हातात कागद देईल आणि म्हणेल, "वाच बरं, मोठ्यानं वाच." ही भीती गेली सतरा वर्षं माझ्या मानगुटीवर बसलेली आहे. कामात असले की ती जरा वेळ गप्प असते, पण अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा येते.

अर्पिता माझी मुलगी. पंचवीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच. ती हसली की समोरच्यालाही हसू येतं. तिला वाचता येतं, पण तुम्हाआम्हाला येतं तसं नाही. आपण ओळीवरून नजर फिरवतो आणि अर्थ आपोआप हाती लागतो. तिला एकेक शब्द उपसून काढावा लागतो. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' तिच्यासमोर जागा बदलतात. अर्ध्या पानाला अर्धा तास लागतो आणि मग डोकं दुखतं.

आणि तिची आई कोण, तर पुस्तकांत बसणारी बाई. नांदुऱ्याच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी बावीस वर्षं पुस्तकं देते-घेते. मराठी घेऊन बी.ए. केलं. माझ्या माहेरी पदवी मिळवणारी मी पहिली. आमच्या घरांत शिक्षणाला काय मान आहे, ते वेगळं सांगायला नको. अर्पिता चालायला लागली त्याच महिन्यात मी तिच्यासाठी पाटी आणून ठेवली होती.

तिसरीत असताना शाळेतल्या बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. अर्पितानं खणखणीत आवाजात पूर्ण धडा म्हटला, एक काना-मात्रा चुकली नाही. बाई खूश झाल्या आणि शाबासकी द्यायला जवळ गेल्या, तर पुस्तक दुसऱ्याच धड्यावर उघडं होतं. मी रात्री तिला वाचून दाखवायची आणि तिला ते ऐकूनच पाठ व्हायचं. वर्ग त्या दिवशी किती हसला, ते मला दुसऱ्या एका मुलीच्या आईकडून कळलं. अर्पितानं घरी सांगितलंच नाही.

तेव्हापासून मी एक काम हाती घेतलं आणि ते आजपर्यंत सोडलं नाही. अर्पिता जिथं जाणार, तिथं तिच्या आधी मी जायचं आणि हळू आवाजात सांगून यायचं, "हिला वाचायला उभं करू नका." दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांना, शिवणक्लासच्या बाईंना, दहावीच्या परीक्षेला केंद्रावरच्या सरांना. अकोल्याला एका डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं होतं, की हा बुद्धीचा दोष नाही, अक्षर ओळखण्याची वाट हिच्या डोक्यात जरा वेगळी आहे. मला ते समजलं. पण समजल्यानं भीती जात नाही.

तिचे बाबा प्रसेनजित रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात आहेत. त्यांना या गोष्टीचं कधीच काही वाटलं नाही. "तिले सिग्नल कळते ना? मंग गाडी कशी अडन?" एवढं बोलून ते जेवायला बसायचे. मला त्यांचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर अर्पिता कधी अडली नाहीच. बसवरची पाटी तिला पटकन वाचता येत नाही, तरी आजवर ती चुकीच्या गाडीत बसलेली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मोताळ्याच्या सकाळच्या गाडीचा मागचा आरसा वाकडा हाये, आई. अन पाटीवर मोताळ्याच्या सुरुवातीले दोन मोठे कान हायेत, ते दुरून दिसते." शब्द नाही, शब्दाचं चित्र. मी ते ऐकलं आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिला सोडायला स्टँडवर गेले.

तीन वर्षांपूर्वी तिला मोताळ्याच्या पुढे, रोहिणखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेतकऱ्यांच्या एका कंपनीत काम मिळालं. कंपनी म्हणजे चारशे शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. हरभरा, तूर, मूग आणायचा, साफ करायचा, प्रतवारी लावायची आणि एकत्र विकायचा. मोठी टिनाची शेड, आत चाळणीचं यंत्र, बाजूला दोन खोल्यांचं ऑफिस. अर्पिता शेडमध्ये नमुने पाहते. यंत्रातून आलेल्या हरभऱ्यातला मूठभर ताटात घ्यायचा आणि डागी, किडका, चपटा, हिरवट दाणा बाजूला काढून किती निघाला ते सांगायचं. यंत्र चालवणारा गोकुळ म्हणतो, की ताट खाली ठेवायच्या आत हिचं मोजून झालेलं असतं. त्या कामात वाचायला काहीच नाही, म्हणून मी निश्चिंत होते. जितकी होऊ शकते तितकी.

मग या महिन्यात ऑफिसातली एक खुर्ची मोकळी होण्याची वेळ आली.

ऑफिसात कागदपत्रं आणि संगणक सांभाळणारी जयमाला लग्न होऊन जळगावला चालली आहे. कंपनीचे अध्यक्ष भगवानराव यांनी अर्पिताला बोलावून सांगितलं, "जयमालाच्या जागी तू बस. घरी विचार अन सांग." भगवानराव पंचायत समितीत तेहतीस वर्षं काढून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. जुन्या वळणाचा माणूस. मुलगी कितीही मोठी असो, घरच्यांचा होकार आल्याशिवाय ते पुढं जात नाहीत.

अर्पिता घरी आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, मले ऑफिसात बसवून राह्यले!"

"पाहू," मी म्हणाले.

"पाहू काय पाहू? हाव म्हण ना."

"पाहू म्हटलं ना, अर्पिता."

ती हात धुवायला गेली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र लगेच ते चित्र उभं राहिलं. ऑफिस, चार माणसं, हातात कागद आणि वाच बरं, मोठ्यानं वाच.

म्हणून आज दुपारी मी वाचनालयातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि अर्पिताला न सांगता तिच्या कंपनीत गेले.

भगवानरावांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. अर्पिता शेडमध्ये होती, यंत्राच्या आवाजात तिला मी आलेली कळलंही नाही. ऑफिसच्या दुसऱ्या खोलीत जयमाला टाइप करत होती. मी आवाज खाली आणून सांगितलं, जसं आजवर सगळ्यांना सांगत आले तसं. की तिला पटकन वाचता येत नाही. की लोकांपुढं तिची फजिती होईल. की ती शेडमध्येच बरी आहे. आणि शेवटी हेही, की "मी आले होते हे तिला कळू देऊ नका."

भगवानरावांनी चष्मा काढून त्याची दांडी पुसली. मग म्हणाले, "ठीक हाये ताई. तुम्ही माय हाय, तुम्हाले जास्त माहीत. उद्या दहाले संचालकांची सभा हाये, तिथी दुसरं नाव ठेवतो."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी उठणार, इतक्यात टेबलावरचा फोन वाजला.

अकोल्याच्या एका डाळ मिलचा फोन होता. कंपनीनं हरभऱ्याचा भाव आणि प्रतवारीचा अहवाल मेलनं पाठवायचा होता, तो त्यांना मिळालाच नव्हता. संध्याकाळी पाचला ते खरेदीची यादी बंद करणार होते.

"मिळाला नाही म्हंजे काय?" भगवानराव उभेच राहिले. "सोमवारी पाठवला. मी स्वतः वाचला, दोन वेळा वाचला!"

ते जयमालाच्या खोलीत गेले आणि मीही मागोमाग जाऊन तिथल्या खुर्चीवर बसले. उठून निघून जाणं बरं दिसलं नसतं. जयमालानं मेलचा प्रोग्राम उघडला. पत्र तिथंच होतं, आउटबॉक्समध्ये. आउटबॉक्स म्हणजे पाठवायला दिलेली, पण अजून बाहेर न पडलेली पत्रं थांबतात ती जागा. आमच्या वाचनालयातही संगणक आहे, त्यामुळं इतपत मला माहीत आहे.

इथं एक सांगायला हवं. या ऑफिसची एक रीत आहे आणि ती भगवानरावांनी पंचायत समितीतून सोबत आणलेली आहे. वरिष्ठांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणतंही पत्र बाहेर जायचं नाही. पूर्वी जावक पत्रांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर यायचा. आता संगणक आला, तर त्यांनी आउटबॉक्सलाच गठ्ठा करून टाकलं. दिवसभर मेलचा प्रोग्राम ऑफलाइन ठेवायचा. जयमालानं पत्रं लिहून सेंड करत जायचं, ती आउटबॉक्समध्ये साठत जातात. साडेचारला भगवानराव येऊन खुर्चीत बसतात. साध्या पत्राचा विषय पाहून नुसता हात हलवतात. महत्त्वाचं पत्र मात्र उघडतात, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचतात, बंद करतात आणि म्हणतात, "दार उघड." मग जयमाला ऑफलाइन काढते आणि पत्रं निघून जातात. ऑफिसात या गोष्टीला सगळे दार उघडणं असंच म्हणतात.

जयमालानं आता दार उघडलं. आउटबॉक्समध्ये दोन पत्रं होती. बारदानाची, म्हणजे रिकाम्या पोत्यांची, मागणी करणारं पत्र क्षणात गेलं. अहवाल जागचा हलला नाही.

"पाह्य!" जयमाला रडकुंडीला आली. "नेहमी असंच होते साहेब. ज्याचं काही काम नसते ते जाते, अन ज्याचं काम असते ते बसून राह्यते. तीन महिन्यांत चौथी वेळ हाये ही. अन बोलणी मीच खाते."

"तूच काहीतरी चुकवते," भगवानराव म्हणाले. "पुन्हा लिही. नवीन लिही. दार बंद कर, मी पाहतो, मग सोड."

जयमालानं नवीन पत्र लिहिलं, अहवाल जोडला, सेंड केलं. भगवानरावांनी ते उघडलं, चष्मा सावरून आधीपेक्षाही काळजीपूर्वक वाचलं, बंद केलं. दार उघडलं. आता दोन अहवाल जागच्या जागी बसलेले.

संगणक बंद करून चालू केला. इंटरनेटच्या डबीची वायर काढून लावली. संगणक दुरुस्त करणाऱ्या बुलडाण्याच्या कारागिराला फोन लावला, तो म्हणाला उद्या येतो. मेलचा पासवर्ड त्यानंच संगणकात घालून ठेवलेला, त्यामुळं मोबाइलवरूनही पाठवता येईना. अकोल्याच्या मिलला कंपनीच्याच पत्त्यावरून मेल हवा होता, दुसरं काही त्यांना चालणार नव्हतं. घड्याळात चार वाजून गेले होते. जयमाला ओढणीनं डोळे पुसत होती. भगवानराव येरझारा घालत होते, आणि गोकुळ यंत्र बंद करून दारात येऊन उभा राहिला होता.

त्याच्या मागून अर्पिता आली. हातात नमुन्याच्या पिशव्यांची पेटी होती. मला पाहून थबकली.

"आई? तू काऊन आली?"

"सहज," मी म्हणाले.

तिनं पेटी ठेवली. "काय झालं वं?" तिनं जयमालाला विचारलं आणि जयमालानं सगळं सांगितलं. अर्पिता तिच्या खुर्चीमागं उभी राहिली आणि पडद्याकडे पाहू लागली. शेडमध्ये ती ताटाकडे अशीच पाहत असणार, मान जरा एका बाजूला करून, पापणी न हलवता. मी तिला हे काम करताना आजवर कधी पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही.

"हे दोन्ही सरळ काऊन हायेत?" ती म्हणाली.

"काय सरळ?"

"अक्षरं. या दोन ओळींचे अक्षरं उभे हायेत. बारदानाचं पत्र गेलं म्हणते ना तू, ते जायच्या आधी तिरपं होतं का?"

"मी कशाले पाहू तिरपं अन उभं?"

भगवानराव वैतागले. "अक्षराचं राहू दे, पोरी. तो खाली काहीतरी संदेश येऊन राह्यला. वाच बरं, मोठ्यानं वाच."

सतरा वर्षं ज्याला भीत आले, ते माझ्यादेखत घडत होतं, आणि तेही मी आत्ताच ज्यांच्या कानात सांगितलं होतं त्यांच्याच तोंडून. त्या गडबडीत ते विसरले असावेत. मी खुर्चीतून अर्धी उठले. "मी वाचते," मी म्हणाले.

अर्पितानं मागं न पाहता हात वर केला, थांब म्हणून.

"काका, मले लवकर वाचता येत नाही," ती म्हणाली. "माह्यासाठी अक्षरं हलते. जयमाला वाचन, मी पाह्यते."

इतकंच. पाणी दे म्हणावं तितक्या सहज. गोकुळ दारात होता, जयमाला समोर होती, अध्यक्ष उभे होते. कुणी हसलं नाही. भगवानरावांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. जे मी बंद दारांआड, आवाज खाली करून, माणसामागून माणसाला सांगत आले, ते ती भर खोलीत सांगून मोकळी झाली होती. मी पुन्हा खुर्चीत बसले.

जयमालानं खालचा संदेश वाचला. त्यात विशेष काही नव्हतं, सगळं ठीक असल्याचंच लिहिलं होतं.

"बरं," अर्पिता म्हणाली. "दार बंद कर. एक खोटं पत्र लिही अन मलेच पाठव."

"काय लिहू?"

"काही पण लिही. चाचणी लिही."

जयमालानं लिहिलं, सेंड केलं. आउटबॉक्समध्ये ओळ आली. आता आम्ही सगळेच वाकून पाहत होतो. ओळीतली अक्षरं खरंच तिरपी होती, वाऱ्यानं रोप कलावं तशी उजवीकडं झुकलेली. वरच्या दोन ओळी मात्र ताठ उभ्या. इतका वेळ चार माणसांनी तो पडदा पाहिला होता. मी स्वतः पाहिला होता, आणि माझा जन्म छापील अक्षरात गेला आहे. मला दिसलं नव्हतं.

"काका, आता तुम्ही बसा. नेहमी जसं वाचता तसं हे वाचा."

भगवानराव बसले. त्या पत्रात एकच शब्द होता, पण तो त्यांनी सरकारी परिपत्रक वाचावं तसा वाचला. मग कोपऱ्यातली फुली दाबून पत्र बंद केलं.

ओळ सरळ झाली.

माझ्या डोळ्यांसमोर तिरपी अक्षरं ताठ उभी राहिली. अर्पितानं हातानं खूण केली, तशी जयमालानं दार उघडलं. चाचणीचं पत्र हललं नाही.

"काका," अर्पिता हळूच म्हणाली, "तुम्ही वाचलं की ते थांबते."

गोकुळच्या तोंडून फिस्सकन हसू निघालं आणि त्यानं ते खोकल्यात दाबलं. भगवानरावांचा चेहरा लाल झाला. तेहतीस वर्षं ज्या नजरेखालून गेल्याशिवाय पत्र हललं नाही, तीच नजर आता पत्र अडवत होती, आणि ते त्यांना शेडमधली पंचवीस वर्षांची पोरगी सांगत होती. मला वाटलं, संपलं. खुर्ची राहिली बाजूला, शेडमधलंही जाणार.

"म्हंजे माही नजर लागते म्हणते का तू?" भगवानराव म्हणाले.

क्षणभर कुणाला कळेना, की हे रागानं आहे की काय. मग तेच आधी हसले आणि सगळी खोली हसली. जयमाला तर डोळे पुसता पुसता हसत होती.

"नजर नाही काका," अर्पिता म्हणाली. "तुम्ही उघडता अन तसंच बंद करता. त्याले वाटते का मालकानं पत्र परत घेतलं, अजून काही लिहायचं असन. मंग ते वाट पाहत बसते. उघडलं तर पुन्हा सेंड दाबलं पाह्यजे. जयमाला, सोमवारचं उघड अन सेंड दाब."

जयमालानं तसं केलं. ओळ तिरपी झाली. दार उघडलं. ओळ क्षणभर थरथरल्यासारखी वाटली, आणि नाहीशी झाली. चार वाजून एकतीस मिनिटं झाली होती. थोड्या वेळानं अकोल्याहून फोन आला, अहवाल मिळाला.

मग भगवानरावांनी एक गोष्ट केली, ती मी त्यांच्याकडून अपेक्षिली नव्हती. तीन महिन्यांत न पोचलेली तीन पत्रं त्यांनी आठवून सांगितली. तिन्ही महत्त्वाची, म्हणून तिन्ही त्यांनीच उघडून वाचलेली. प्रत्येक वेळी ओरडा जयमालाला. ते सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "बाई, तुले बोललो ते माही चूक होती. लग्नात जेवायले बोलावशील ना?"

"बोलावते साहेब. पण पत्रिका वाचू नका, नाही तर पोचायची नाही," जयमाला म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

निघताना भगवानराव मला फाटकापर्यंत सोडायला आले. अर्पिता अजून आत होती. यापुढं पत्र आधी कागदावर छापून वाचायचं आणि मगच आउटबॉक्समध्ये टाकायचं, असं ती आणि जयमाला ठरवत होत्या. भगवानराव म्हणाले, "ताई, तुम्ही सांगतलं ते अजून मी कोणाले बोललो नाही. बोलणारही नाही. पण सभा दहाले हाये. तोवर तुमचा विचार बदलला तर फोन करा. नाही केला तर मी दुसरं नाव ठेवीन. मायचा शब्द मोडणार नाही."

बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. अर्पिता खिडकीपाशी बसली. मग म्हणाली, "सहज आली म्हणे. तू सहज कुठी जात नाही, आई."

मी तिकिटं पिशवीत ठेवली.

"त्याहिले सांगाले आली होती ना? पाचवीत गुरुजींले सांगतलं होतं तसं?"

"तुला कसं माहीत?"

"मले? अख्ख्या वर्गाले माहीत होतं. गुरुजी माह्या बाकापाशी आले की हळूच बोलत. पोरं म्हणत, हिची माय येऊन गेली." तिनं हे रागानं सांगितलं नाही, जुनी गंमत सांगावी तसं सांगितलं. म्हणून ते मला जास्त लागलं. "शिवणक्लासलेही तसंच. भगवानकाका अन तू दोघं एका माळेचे मणी. उघडून पाह्यल्याशिवाय काही सोडत नाही."

मी विचारलं, "ऑफिसात बसलीस तर वाचणार कसं?"

मग तिनं जे दाखवलं ते मला ठाऊकच नव्हतं. मोबाइल काढला, बसमध्ये लावलेल्या सूचनेच्या कागदाचा फोटो काढला, आणि फोननं तो मजकूर बाईच्या आवाजात वाचून दाखवला. पुढच्या सीटवरचे आजोबा वळून पाहू लागले. "संगणकही वाचते असा," ती म्हणाली. "कानात घातलं की कोणाले ऐकू येत नाही. चार महिने झाले, जेवायच्या सुट्टीत जयमालापाशी शिकून राह्यली. सरकारी पत्र कसं असते, कुठी तारीख, कुठी विषय, मले नुसतं पाहून समजते. लिहायचं असलं तर बोलून लिहिते. वेळ लागते जरा. पण चूक सापडते मले लवकर. तुमच्याहून लवकर."

चार महिने. माझ्या घरात, माझ्या ताटात जेवणारी मुलगी चार महिने शिकत होती आणि मला पत्ता नव्हता. मला तिनं सांगितलं का नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. सांगितलं असतं तर मी कुणाला तरी आधी जाऊन भेटले असते.

आता घरात सगळे झोपले आहेत आणि मी हे लिहीत बसले आहे, कारण तो क्षण डोळ्यांपुढून हलत नाही. ओळ सरळ झाली तो नव्हे, तो तर संगणकाचा खेळ. "मले लवकर वाचता येत नाही" म्हणाली, तो. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, धैर्यावर लिहिलेली पानंच्या पानं वाचली. पण असं कुणी माझ्यासमोर उभं राहून, आवाज न चढवता आणि न उतरवता, स्वतःचं उणं सांगून लगेच पुढच्या कामाला लागलेलं मी पाहिलं नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. मी तर उलटंच शिकवत होते.

आणि तिची ती नजर. आम्ही वाचणारी माणसं अक्षरातून आरपार पाहतो, अर्थ दिसला की अक्षर आम्हाला दिसतच नाही. ती अक्षरापाशी थांबते. थांबावंच लागतं तिला. त्यामुळंच तिला ते दिसलं, असं म्हणण्याचा मोह होतो, पण मी डॉक्टर नाही, आणि तिच्या त्रासाला गोड नाव द्यायचा मला अधिकार नाही. डोकं दुखतं तेव्हा तिचंच दुखतं. मी एवढंच म्हणते, की पंचवीस वर्षं जिला मी जपलं, तिला मी आज पहिल्यांदा काम करताना पाहिलं.

भीती गेली का? नाही गेली. ती ऑफिसात बसेल, कुणीतरी उर्मट माणूस येईल, कागद पुढं करेल, हसेलही. हे होणार. फरक एवढाच, की तेव्हा काय बोलायचं ते तिला माहीत आहे. मलाच माहीत नव्हतं.

मगाशी एकदा वाटलं, सकाळी भगवानरावांना कळवावं, की माझी हरकत नाही, खुर्ची तिला द्या. पण मग लक्षात आलं, की तेही पुन्हा माझंच बोलणं झालं. नकार माझा, होकारही माझा. ती पुन्हा शेडमध्ये ताट घेऊन उभी, आणि तिचा निर्णय दोन मोठ्या माणसांच्या फोनवर.

भगवानराव पहाटे साडेपाचला उठून मळ्यात जातात, असं अर्पिता सांगते. म्हणजे सहाला फोन उचलतील. त्याआधी मी अर्पिताला उठवून सांगणार आहे, की आज दुपारी मी तिच्या मागं काय बोलून आले. ती चिडेल. चिडू दे. मग तिच्यासमोर फोन लावीन. भगवानरावांना म्हणेन, की काल बोलले ती माझी भीती होती, मुलीचं उत्तर नव्हतं, ते मी परत घेते. एवढं झालं की फोन तिच्या हातात देऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसेन. ती त्यांना काय सांगणार, हे मी आधी विचारणार नाही.